वडिलांच्या वस्तूंमधून फोटो घडवताना: जाहिरात आणि पंचनामा कसा टाळायचा?

प्रश्न थोडक्यात असा: वडील गेल्यानंतर कपाटातून एक खोकं निघालं. त्यात चष्मा, मनगटी घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, हिशेबाच्या वह्या, पत्रं, काही जुने फोटो आणि एक लोकरी स्वेटर आहे. या वस्तू वेगवेगळ्या तऱ्हेने मांडून फोटो काढले, पण ते एक तर जाहिरातीतल्या मालासारखे दिसतात, नाही तर पंचनाम्यासारखे. चुकतंय काय, वस्तू किती घ्याव्यात, फोटोशॉप शिकावंच लागेल का, आणि फोटोसोबत वडिलांची गोष्ट लिहावी का? वस्तू मांडून फोटो घडवण्याचंच काम मी वर्षानुवर्षं करत आलेय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी मूळ अडचण. तो चष्मा हातात घेतला की तुम्हाला गलबलून येतं, म्हणून तो चौकटीच्या मधोमध, भरपूर उजेडात, सगळा दिसेल असा ठेवला जातो. बघणाऱ्याने तुमच्या वडिलांना पाहिलेलं नाही. त्याला दिसतो एक जुना चष्मा. कॅमेऱ्यापुढे आठवण ठेवता येत नाही. माणसाने वापरून वापरून वस्तूवर सोडलेला माग तेवढा ठेवता येतो. झिजलेली कड, पक्की बसलेली घडी, बोटांखाली उडालेला रंग. म्हणून पहिली निवड ‘मला सर्वांत जवळची वस्तू कोणती’ या प्रश्नावर करू नका. ‘कुठल्या वस्तूवर माणसाचा हात दिसतो’ यावर करा. पुष्कळदा लाडकी वस्तू फोटोत मुकी राहते आणि जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं अशी एखादी किल्ली बोलायला लागते.

यासाठी एक संध्याकाळ फक्त बघायला द्या. कॅमेरा बाजूला ठेवा. खोलीतले दिवे घालवा, टेबलावर एकच दिवा अगदी खाली, बाजूने लावा आणि एकेक वस्तू त्या उजेडात फिरवून बघा. कागदावर दोन रकाने करा. एकात तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा (‘निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ’), दुसऱ्यात डोळ्यांना जे दिसतं तेवढंच (‘पट्ट्याचं तिसरं भोक लांबट झालंय, दुसरं कोरं आहे’). फोटो दुसऱ्या रकान्यातून होतात. पहिला रकाना फाडून टाकू नका, तो पुढे लागणार आहे.

आणि कृपा करून काहीही पुसू नका, धुऊ नका, पॉलिश करू नका. स्वेटरच्या कोपरावरची विरलेली लोकर, घड्याळाच्या काचेवरचे ओरखडे, पत्रांना टोचलेल्या टाचणीचा गंजलेला डाग, हाच तुमचा ऐवज आहे. एकदा चकचकीत केलेली वस्तू परत वापरलेली होत नाही.

चष्म्याचंच बघा. जुना चष्मा बाजूच्या उजेडात धरला की नाकावर टेकणाऱ्या पॅडच्या मुळाशी धातूवर हिरवट कीट दिसतं. प्लास्टिकच्या काडीचं कानामागचं टोक घामाने पांढुरकं पडलेलं असतं. एका हाताने चष्मा काढायची सवय असलेल्या माणसाची एक काडी हळूहळू बाहेर वाकते, सैल होते. टेबलावर ठेवला की असा चष्मा तिरका बसतो. काचा खाली करून ठेवायची सवय असेल तर ओरखडे काचेच्या मधल्या फुगीर भागावर जमतात. हे सगळं न सांगता कळतं. बघणारा माणूस ‘हा कुणाचा’ असं विचारण्याआधी ‘हा माणूस कसा होता’ याकडे जातो, आणि तिथेच तुमचा फोटो सुरू होतो.

जपानी छायाचित्रकार इशिउची मियाको यांच्या आईचं 2000 साली निधन झालं. मागे राहिलेली अंतर्वस्त्रं, लिपस्टिक अशा वस्तूंचे त्यांनी एकेक करून फोटो काढले. 2005 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात ते काम मांडलं गेलं. त्यात नाट्यमय मांडणी जवळजवळ नाहीच. वापरून संपत आलेली लिपस्टिक वापरणाऱ्या ओठांच्या कोनात झिजलेली दिसते, आणि तेवढं पुरतं. एकाच वस्तूवर फोटो उभा राहू शकतो हे मनाशी धरून ठेवा, कारण बहुतेकांचा हात वस्तू वाढवण्याकडे जातो.

आता जाहिरातीसारखं दिसण्याची कारणं. ती पुष्कळ साधी आहेत. पांढरी किंवा एकरंगी पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंनी सारखा मऊ उजेड, थोडं वरून तिरकं बघणारा कॅमेरा, आणि प्रत्येक वस्तूभोवती मोकळी जागा. ही वस्तू विकण्याची भाषा आहे आणि बघणाऱ्याचे डोळे तिला सरावलेले आहेत. घड्याळाचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर असतील तर संपलंच, कारण घड्याळांच्या जाहिरातीत काटे बहुधा तिथेच असतात. काटे कुठे थांबवायचे हे ठरवून करा, किंवा घड्याळ पालथं ठेवा. मागचं झाकण, त्यावरचे दुरुस्तीवाल्याने कोरलेले बारीक आकडे आणि घामाने काळवंडलेला पट्टा हे पुढच्या बाजूपेक्षा बरंच काही सांगतात.

पंचनामा होतो तो वस्तू सरळ रेषेत, एकमेकींना न शिवता, बरोबर वरून टिपल्यामुळे. या पद्धतीला जुनी परंपरा आहे. छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळातले इंग्रज संशोधक टॅल्बट यांनी 1844 पासून छापलेल्या आपल्या सचित्र ग्रंथात फळीवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचा फोटो दिला आणि लिहिलं, की ही भांडी उद्या चोरीला गेली तर हा फोटो न्यायालयात मुका साक्षीदार म्हणून दाखवता येईल. असा नोंदीचा फोटो तुम्हीही प्रत्येक वस्तूचा काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो. पण तो काढून झाला की त्याला त्याच्या जागी राहू द्या आणि कामाला वेगळी सुरुवात करा.

ही सुरुवात म्हणजे वस्तूंचं एकमेकींशी नातं जुळवणं. नातं म्हणजे शेजारी ठेवणं नव्हे. एक वस्तू दुसरीवर काहीतरी करते आहे असं दिसायला हवं: दाबते, झाकते, टेकते, सावली टाकते, वाकवून दाखवते. वाकवून दाखवण्यासाठी चष्मा आणि वही ही जोडी फार समृद्ध आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबते.

वहीचं आकड्यांनी भरलेलं पान उघडा आणि चष्मा काड्या उघडून त्यावर उभा करा. काचा पानापासून काही सेंटिमीटर वर राहतात. चष्मा वाचनाचा, म्हणजे अधिक नंबरचा असेल तर काचेखालचे आकडे मोठे दिसतील. लांबचं बघण्याचा, उणे नंबरचा असेल तर ते लहान होऊन आत सरकतील आणि काचेच्या कडेशी ओळ तुटेल. बायफोकल असेल तर एकाच ओळीचे दोन तुकडे पडतात. आता उजेड चष्म्याच्या मागून आणा. इथे मऊ उजेड चालत नाही, थेट ऊन किंवा लांब धरलेला छोटा टॉर्च हवा. अधिक नंबरची काच कागदावर उजळ ठिपका पाडते. उणे नंबरची काच उजेड बाहेर फेकते, त्यामुळे मध्ये काळसर डाग आणि भोवती लखलखती कड दिसते. तुमच्या वडिलांची नजर कशी होती हे त्या सावलीत अक्षरशः उमटतं, कुठल्याही मजकुराशिवाय. टॉर्च वर-खाली करून त्या ठिपक्याला वहीतल्या एखाद्या आकड्यावर आणून ठेवा. या एका मांडणीवर अख्खी दुपार घालवली तरी ती वाया जात नाही. फक्त खोक्यात एखादं जाड भिंग असेल तर ते थेट उन्हात कागदावर धरू नका, कागद करपतो.

अशाच जोड्या शोधत जा. स्वेटरच्या बाहीत अर्धी शिरलेली किल्ली. पत्राच्या घडीत अडकलेला घड्याळाचा पट्टा. वस्तू किती घ्याव्यात याचं माझं उत्तर: दोन, फार तर तीन, आणि जमिनीचं कापड किंवा पृष्ठभाग ही त्यांतलीच एक धरायची. चौथी वस्तू आली की डोळा मोजायला लागतो. मांडणी झाली की एकेक वस्तू उचलून बघा. जी उचलल्यावर फोटो बिघडत नाही ती खोक्यात परत.

पृष्ठभागाकडे लोक फारच कमी लक्ष देतात. काळं मखमल आणि पांढरा कागद ही दोन्ही सोपी उत्तरं आहेत आणि दोन्ही परकी वाटतात. त्याच माणसाच्या वस्तूंपैकी एखादी वस्तू जमीन म्हणून वापरा. स्वेटर पसरला की त्याला डोंगरउतार येतात. ज्या खणात वह्या होत्या तो खणच काढून आणा. त्याच्या तळाशी अंथरलेला पिवळा पडलेला कागद आणि कोपऱ्यातली धूळ यांची बरोबरी विकत आणलेला कुठलाही बॅकड्रॉप करणार नाही. कॅमेरा खाली, टेबलाच्या पातळीवर आणलात तर मापाचा अंदाज सुटतो आणि लोकरीच्या घडीत उभी केलेली किल्ली दारापेक्षा मोठी वाटू शकते. कॅमेरा जवळ आणला तर पुढची वस्तू फुगते, मागची आक्रसते. लांब जाऊन लांब पल्ल्याची लेन्स लावली तर दोघी एकमेकींना चिकटतात. हा फरक अंतरामुळे पडतो, लेन्समुळे नाही. त्यामुळे आधी कॅमेरा कुठे असेल ते ठरवा, लेन्स नंतर निवडा.

उजेडाबद्दल मी हट्टी आहे: एकच दिवा किंवा एकच खिडकी. चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. पुढे त्यांनी आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीशी कितीतरी वर्षं काम केलं, कधी दव धरलेली काच, कधी तिच्यापुढे ठेवलेला साधा पेला. साधनं किती लागतात असा प्रश्न पडला की त्यांचे ते फोटो उघडून बघत बसावं. खिडकीचा उजेड वापरत असाल तर खोलीतला दिवा बंद करा. उजेडाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात: दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्विनचा, पिवळ्या बल्बचा 2700 च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की वस्तूची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी होते आणि नंतर ते निस्तरता येत नाही.

दिवा वापरत असाल तर त्याच्या अंतराचा खेळ समजून घ्या, कारण कुठली वस्तू बोलेल आणि कुठली मागे राहील हे त्याने ठरतं. दिवा पहिल्या वस्तूपासून 30 सेंटिमीटरवर आणि दुसरीपासून 60 वर असेल तर दुसरीला पहिलीच्या एक चतुर्थांशच उजेड मिळतो, म्हणजे ती दोन स्टॉप गडद (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं). वस्तू तिथेच ठेवून दिवा दोन मीटर लांब नेला तर दुसरीला पहिलीच्या जवळपास तीन चतुर्थांश उजेड मिळतो आणि दोघी एका पातळीवर येतात. कंप्युटरवर उजळपणा कमी-जास्त करण्याआधी दिवा हलवून बघा. पुष्कळ प्रश्न तिथेच सुटतात.

पत्रांसाठी दिवा कागदाला जवळजवळ समांतर, फार तर दहा अंशांच्या कोनात ठेवा. बॉलपेनने दाबून लिहिलेलं पान पालथं केलं की मागे अक्षरांचे उंचवटे असतात. कागद रिकामा दिसतो, पण असा सरपटता उजेड पडला की ओळींमागून ओळी उमटतात, उलट्या, न वाचता येणाऱ्या. कुठे जोर देऊन लिहिलं, कुठे थांबून खोडलं, सगळं दिसतं. मला पत्रांचा हा वापर सर्वांत जास्त आवडतो, कारण त्यात लिहिणाऱ्याचा हात दिसतो आणि मजकूर झाकलेला राहतो. मजकुराचं भान ठेवायलाच हवं. पत्राचा कागद तुमच्याकडे आला असला तरी त्यातल्या मजकुराचा हक्क सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो. ज्यांनी तुमच्या वडिलांना विश्वासाने काही लिहिलं त्यांना विचारल्याशिवाय ती वाक्यं भिंतीवर लावू नयेत.

काच आणि चकचकीत धातू यांचं एकच सूत्र आहे: ते स्वतः दिसत नाहीत, समोर जे असेल ते दाखवतात. घड्याळाच्या काचेत तुमचा कॅमेरा दिसत असेल तर मोठ्या काळ्या पुठ्ठ्याला लेन्सपुरतं भोक पाडून त्यामागून फोटो घ्या. धातूच्या कडेला चमक हवी असेल तर तिच्या बाजूला पांढरा कार्ड उभा करा. पारदर्शक वस्तूची कड उठावदार करायची असेल तर मागे उजळ पडदा आणि चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळे कार्ड, म्हणजे कड काळी उतरते. उलट हवं असेल तर मागे काळं आणि बाजूंनी उजेड. सपाट काचेवरचं प्रतिबिंब पोलरायझरने, म्हणजे लेन्सवर लावायच्या एका फिल्टरने, घालवता येतं, पण कॅमेरा काचेच्या पृष्ठभागाशी साधारण 34 अंशांच्या कोनात असेल तेव्हाच तो पूर्ण काम करतो. समोरून बघितलं तर त्याचा काही उपयोग नाही.

कॅमेऱ्याच्या तांत्रिक बाजूवर फार लिहीत नाही. ट्रायपॉड हवाच. जवळून फोटो घेताना फोकसची खोली किती कमी असते याचा अंदाज मात्र असू द्या: पूर्ण फ्रेमच्या (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर, लेन्सचं छिद्र एफ 11 इतकं लहान ठेवून, सेन्सरवर वस्तू तिच्या आकाराच्या दहाव्या हिश्श्याएवढी उतरत असेल तर साधारण सात सेंटिमीटर खोली मिळते, सेन्सरवर ती तिच्या खऱ्या आकारात उतरवायला गेलात तर जेमतेम एक मिलिमीटर. फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेऊन ते जोडता येतात, पण प्रत्येक फोटोत सगळं काटेकोर स्पष्ट असायला हवं असं मला वाटत नाही. सगळं स्पष्ट असलं की पुन्हा मालाचा फोटो. ज्या खुणेसाठी फोटो काढताय तेवढी स्पष्ट ठेवा आणि बाकीचं सुटू द्या. फोनवर काम करत असाल तर अनेक फोन अगदी जवळ गेल्यावर आपणहून रुंद लेन्सकडे वळतात आणि वस्तू वेडीवाकडी दिसते. थोडं मागे या आणि दुप्पट-तिप्पट पल्ल्याची लेन्स वापरा.

फोटोशॉप शिकावंच लागेल का? लगेच नाही. अनेक निगेटिव्ह जोडून एक चित्र करण्याचं काम छायाचित्रकार ऑस्कर रेयलँडर यांनी 1857 मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह वापरून केलं, आणि पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलीचं दृश्य घडवलं. ते बघून काही प्रेक्षक दुखावले, कारण इतका खाजगी क्षण फोटोत रचावा हे त्यांना रुचलं नाही. म्हणजे घडवलेला फोटो कंप्युटरने आणलेला नाही आणि त्याबद्दलची अस्वस्थताही नवी नाही. माझा कल असा: जे टेबलावर करता येतं ते टेबलावरच करा. वस्तूचं वजन, लोकरीत रुतणं, कागदाचं वाकणं हे जुळवून आणता येत नाही आणि डोळ्याला त्याची उणीव चटकन कळते.

टेबलावर न होणाऱ्या गोष्टींसाठी कंप्युटर घ्या. उदाहरणार्थ किल्ली हवेत उभी हवी आहे. कॅमेरा आणि दिवा जागचे हलू न देता तीन फोटो काढा: तारेवर टांगलेल्या किल्लीचा, तार दुसऱ्या बाजूने वळवून तसाच आणखी एक, आणि किल्ली-तार काढून रिकाम्या जागेचा. मग हे फोटो लेयर (थर) म्हणून एकावर एक ठेवून मास्कने, म्हणजे नको तो भाग झाकून, तार पुसायची. किल्लीची सावली खरीच राहते, कारण ती तिथेच पडली होती. वेगवेगळ्या वेळी काढलेले तुकडे जोडणार असाल तर उजेडाची दिशा, सावलीच्या कडेचा मऊपणा, कॅमेऱ्याची उंची आणि अंतर, आणि काळ्या भागाची छटा हे सगळं जुळावं लागतं. बहुतेक जोडकाम फसतं ते वस्तू टेकते तिथल्या अरुंद, गडद रेघेत. ती नसली की वस्तू तरंगते. ती रेघ रंगवण्यापेक्षा त्याच जागेवर दुसरी तशीच वस्तू ठेवून तिची सावली टिपणं बरं.

या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे, तो तुमच्या वह्या-पत्रांना फार मानवेल: फ्लॅटबेड स्कॅनर. अमेरिकी कलाकार मॅगी टेलर यांनी जुन्या वस्तू आणि फोटो स्कॅन करून त्यांतून चित्रं रचली आहेत. खोली अंधारी करा, स्कॅनरचं झाकण उघडं ठेवा. मागची जागा आपोआप काळी उतरते आणि काचेला टेकलेली वस्तू अंधारातून वर आल्यासारखी दिसते. स्कॅनरचे सेन्सर दोन प्रकारचे असतात. सीसीडी सेन्सरचा स्कॅनर काचेपासून थोडं वर असलेलंही बऱ्यापैकी स्पष्ट घेतो. सीआयएस प्रकारचा पातळ स्कॅनर काचेला न टेकलेलं सगळं पुसट करतो. विकत किंवा उसना घेण्याआधी हे विचारून घ्या. काचेवर आधी पारदर्शक फिल्म अंथरा, किल्ल्यांनी ओरखडे पडतात. पाच सेंटिमीटरची किल्ली 1200 पीपीआयला (एका इंचात 1200 पिक्सेल) स्कॅन केली तर सुमारे 2360 पिक्सेल मिळतात, म्हणजे 300 ला छापल्यावर ती वीस सेंटिमीटर लांब होते. त्या आकारात किल्लीचा एकेक दाता कसा घासलाय ते दिसतं.

सायनोटाइप आणि फोटोग्रामबद्दल एवढंच: वस्तू थेट संवेदनशील कागदावर ठेवून उजेडात धरली की तिची आकृती उमटते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी सायनोटाइप ही निळी छपाई 1842 मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी तिने समुद्रशैवालांचे ठसे घेतले. जाळीदार, अर्धपारदर्शक वस्तूंना ही पद्धत शोभते. स्वेटरचा उसवलेला भाग सुंदर येईल. किल्लीची मात्र नुसती बाह्यरेषा मिळेल आणि झीज सगळी हरवेल. आणि मूळ पत्रं त्या ओल्या रसायनांच्या आसपासही नेऊ नका.

जुने फोटो ही खोक्यातली सर्वांत अवघड गोष्ट. चेहरा दिसला की बघणारा बाकी सगळं सोडून चेहऱ्याकडे जातो आणि तुमची मांडणी त्या फोटोची चौकट होऊन बसते. म्हणून फोटोला आधी वस्तू म्हणून बघा. त्याची मागची बाजू, अल्बममधून उपटताना राहिलेला गोंदाचा थर, वळलेला कोपरा, दुमडल्याची पांढरी भेग. चेहरा अर्धा झाकलेला, तिरका, काचेखाली वाकलेला असेल तर तो इतर वस्तूंच्या बरोबरीला येतो. कापाकापी करायची असेल तर आधी चांगली प्रत काढा आणि प्रतच कापा. या दिशेने जायचं असेल तर भारतीय कलाकार विवान सुंदरम यांचं 2001-02 मधलं काम जरूर बघा. त्यांचे आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले कुटुंबाचे फोटो घेऊन त्यांनी कंप्युटरवर नवी दृश्यं रचली. त्यांत मावशी, चित्रकार अमृता शेरगिल, आणि घरातली माणसं वेगवेगळ्या काळांतून येऊन एकाच खोलीत भेटतात. तिथे जोड लपवण्यापेक्षा कुणाला कुणासमोर आणलं आहे याला महत्त्व आहे.

वस्तूंना इजा होऊ नये म्हणून थोडी काळजी. वस्तू उभ्या करायला चिकटमाती किंवा मेण वापरत असाल तर ते धातू आणि काचेवरच. कागद, कापड आणि फोटो त्यातलं तेल शोषतात आणि डाग कायमचा राहतो. त्यांच्यासाठी मागे वाळूची छोटी पिशवी, दोरा, वाकवलेली तार. दिवे एलईडीचे, कारण हॅलोजन तापतो. कागद आणि कापडासाठी संग्रहालयं प्रदर्शनात उजेड साधारण 50 लक्सपर्यंत ठेवतात. तुमचं काम तासा-दोन तासांचं आहे, पण मांडणी दिवसेंदिवस खिडकीत ठेवून देऊ नका.

आणखी एक गोष्ट विचारलेली नाही, तरी सांगते. वडिलांची असलेलीच वस्तू वापरायला हवी असं नाही. छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांची पत्नी एलिझाबेथ 1977 मध्ये गेली. त्यानंतर त्यांना एका दुकानात काचेची छोटी अर्धमूर्ती दिसली. तिच्या मानेची आणि खांद्याची वळणं पाहून त्यांना एलिझाबेथ आठवली. ती मूर्ती खिडकीत ठेवून त्यांनी पोलरॉइड फोटोंची मोठी मालिका केली. ती वस्तू तिची कधीच नव्हती. खोक्यात एखादी जागा रिकामी वाटत असेल, वडिलांच्या हातात नेहमी असणारी पण आता हरवलेली एखादी गोष्ट, तर तिच्यासारखी दुसरी आणायला हरकत नाही. फोटोला ती उधार आणलेली आहे हे चालतं, फक्त ती मूळ आहे असं कुठे लिहू नका.

शेवटचा प्रश्न गोष्ट लिहावी का. फोटोसोबत लगेच नको. आधी प्रिंट काढा, स्क्रीनवर ठरवू नका, आणि ज्याने वडिलांना पाहिलेलं नाही अशा एखाद्याच्या हातात काही न सांगता द्या. तो काय बघतो, बोट कुठे ठेवतो, कुठे थांबतो ते ऐका. त्याने चष्म्याची वाकलेली काडी स्वतःहून दाखवली तर त्या फोटोला मजकुराची गरज नाही. ‘यात काय बघायचं?’ असं त्याने विचारलं तर मजकूर जोडून तो फोटो वाचणार नाही, मांडणी बदलावी लागेल. शीर्षक द्यायचं तर दिसतं त्याच्या जवळचं, साधं: ‘वही, उणे नंबर’. ‘बाबांची शेवटची आठवण’ असं लिहिलंत तर बघणारा फोटो बघायच्या आधीच हळवा होतो आणि मग नीट बघत नाही.

तो पहिला रकाना आठवतोय ना, घड्याळ कुठल्या दिवशी मिळालं वगैरे? तो मालिकेच्या शेवटी, सगळे फोटो संपल्यावर, वेगळ्या पानावर वस्तूंची यादी म्हणून द्या. वाचणारा मागे वळून फोटो पुन्हा बघेल. आणि प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने वस्तू कुणाच्या, फोटो कधीचा, कागद कुठला हे लिहून ठेवा. भिंतीवर ते कुणाला दिसत नाही, पण पुढच्या पिढीत कुणी हे खोकं उघडलं तर त्याला विचारायला तुम्ही तिथे असालच असं नाही.